महाविद्यालयीन आंतरसांस्कृतिक सहजीवन (मराठवाडा)

निरनिराळ्या जाती, धर्म, भाषा आणि प्रदेशांतून आलेल्या विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या चालीरीती समजून घेत बरोबरीच्या नात्याने शिकणे-राहणे, आणि तसे घडावे म्हणून महाविद्यालयाने उभी केलेली व्यवस्था.

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे इथल्या एकाच वर्गात मराठी, दखनी, बंजारा समाजाची गोरमाटी, देगलूर-बिलोलीकडची तेलुगू आणि उदगीर-उमरग्याकडची कन्नड बोलणारी मुले भेटतात. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात परदेशी विद्यार्थीही असतात.

या सहजीवनाचा पाया डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घातला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे त्यांनी १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादाची आठवण महाविद्यालयाच्या नावात आणि नागसेनवन या परिसराच्या नावातही आहे. राजा बेधडक प्रश्न विचारतो, भिक्षू न चिडता उत्तरे देतो. दलित समाजातली, खेड्यातून आलेली पहिल्या पिढीची मुले इथे शिकली. दारे मात्र सर्वांना उघडी होती.

वाट सरळ नव्हती. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला आणि गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. नामविस्तार, म्हणजे जुन्या नावाला आंबेडकरांचे नाव जोडणे, १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. हा इतिहास वगळून इथल्या सलोख्याबद्दल बोलणे पोकळ ठरते.

आजही पहिल्या आठवड्यात 'गाव कोणतं?' पाठोपाठ 'आडनाव काय?' येतेच, आणि त्यावरून मेसमध्ये कोण कुणाशेजारी बसणार हे ठरू लागते. प्रवर्गनिहाय वसतिगृहांमुळे हजारो मुलांना शिकता आले, हे त्यांचे मोठे ऋण. पण मैत्री मात्र बऱ्याचदा त्याच भिंतींत राहते. स्नेहसंमेलनातला विविध वेशभूषांचा कार्यक्रम त्यावर उपाय नव्हे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरात एकत्र भाकरी थापताना, बंधारा बांधताना किंवा शिकता शिकता काम करून पैसे मिळवण्याच्या 'कमवा आणि शिका' योजनेत एकाच बागेला पाणी घालताना ओळख खरी होते, कारण तिथे काम वाटून घ्यावेच लागते. प्राध्यापकांनी गट आणि खोल्या जाणीवपूर्वक मिसळून पाडल्या, तर हाच अनुभव वर्षभर मिळू शकतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या विनियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमणे बंधनकारक केले. या अधिकाऱ्याचे नाव आणि बसण्याची जागा प्रवेशाच्या दिवशीच मुलांना, त्यांच्या बोलीत, सांगितली गेली पाहिजे.