स्पेस गेम्सचं क्राउडफंडिंग

अंतराळातला व्हिडिओ गेम बनवायला पब्लिशरच्या (गेमला पैसे पुरवून तो बाजारात आणणाऱ्या कंपनीच्या) दारात न जाता खेळणाऱ्यांकडूनच आगाऊ वर्गणी काढायची, याला स्पेस गेम्सचं क्राउडफंडिंग म्हणतात. २०१२ मध्ये याची लाटच आली, आणि त्या एका वर्षातल्या तीन गेम्सनी तीन वेगळ्या वाटा धरल्या.

सगळ्यात साधी वाट 'एफटीएल: फास्टर दॅन लाइट'ची. दोघांनी मिळून बनवलेला छोटा गेम, बराचसा आधीच तयार होता, किकस्टार्टरवर, म्हणजे अशी वर्गणी गोळा करायच्या वेबसाइटवर, मागितले १० हजार डॉलर आणि मिळाले २ लाखांच्या वर. तरी त्यांनी फार फाफटपसारा वाढवला नाही, त्याच सप्टेंबरमध्ये गेम बाहेर. विषय संपला.

'एलिट: डेंजरस'चं गणित मोठं. १९८४ च्या 'एलिट'वाले डेव्हिड ब्रेबन आणि त्यांची फ्रंटियर कंपनी यांनी साडेबारा लाख पाउंडांचं टार्गेट ठेवलं. किकस्टार्टरवर टार्गेट गाठलं नाही तर एक पैसा मिळत नाही, पण इथे पावणेसोळा लाखांच्या आसपास जमले. डिसेंबर २०१४ मध्ये गेम आला, फक्त कबूल केलेला ऑफलाइन मोड रिलीजच्या महिनाभर आधी काढून टाकला, त्यावरून लोक चिडले आणि रिफंड मागायला लागले, जे बरोबरच होतं म्हणा.

'स्टार सिटिझन'ची तर तऱ्हाच निराळी. हा गेम काढणाऱ्या क्रिस रॉबर्ट्सनी आधी स्वतःच्या वेबसाइटवर पैसे घ्यायला सुरुवात केली, किकस्टार्टर नंतर जोडीला आलं, नोव्हेंबर २०१२ पर्यंत दोन्हीकडचे मिळून ६२ लाख डॉलरवर गेले आणि मग गल्ला बंदच केला नाही. इतके जमले की हे फीचर देऊ, अजून जमले की तेही देऊ, अशी स्ट्रेच गोल्स वाढत गेली, मग काम वाढलं, मग वाढलेल्या कामाला परत पैसे हवेत. आता मुख्य कमाई व्हर्च्युअल जहाजं विकून होते, त्यातली काही तर नुसती चित्रं असतानाच विकली जातात. सुरुवातीला २०१४ ची तारीख सांगितली होती, २०२२ मध्ये जमा रक्कम ५० कोटी डॉलरपार गेली तेव्हाही गेम अल्फातच, म्हणजे अर्धवट चाचणी-अवस्थेतच होता. बरं, अल्फा खेळता येतो आणि बरीच जहाजं गेममधल्या पैशांनीही मिळतात, त्यामुळे सरळ फसवणूक म्हणणं मला पटत नाही. पण २०१८ मध्ये जवळपास सगळी जहाजं असलेलं २७ हजार डॉलरचं पॅकेज निघालं, आणि ते घ्यायला आधी हजार डॉलर खर्च केलेले असावे लागायचे.