होल्ड केलाय की अडकलाय?

शेअरांच्या पोर्टफोलिओत, म्हणजे घेतलेल्या शेअरांच्या यादीत, दोन्ही सारखेच दिसतात. तोच शेअर, तोच लाल आकडा, विकायचं बटण न दाबणारा तोच माणूस. नात्यातही असंच असतं. दहा वर्षं एकत्र असलेल्या दोघांकडे बाहेरून बघून कोण मनापासून थांबलंय आणि कुणाला नुसतं निघता येत नाहीये, हे सांगता येत नाही.

माझी एक मैत्रीण बरीच वर्षं एकाबरोबर होती. आधी म्हणायची, "तो माझं ऐकून घेतो." ऐकणं बंद झालं, तेव्हा "मनाने चांगला आहे." मग "सध्या कामाचा ताण आहे." शेवटी, "इतकी वर्षं दिली, आता सोडू कशी?" मी तिला शहाणपण शिकवत होतो आणि त्याच काळात एक शेअर उराशी धरून बसलो होतो. घेतला तो विक्री वाढतेय म्हणून. विक्री आटली, तर म्हटलं लाभांश तरी मिळतोय. लाभांश थांबला, तर म्हटलं कंपनीकडे जमीन आहे. जमीन! मी जमीन घ्यायला गेलोच नव्हतो.

फरक ओळखायची खूण मला इथे सापडली. थांबणाऱ्याचं कारण तेच राहतं आणि ते आजही तपासून बघता येतं. अडकलेल्याचं कारण दर काही महिन्यांनी बदलतं; बदलत नाही तो फक्त खरेदीचा भाव.

ॲमेझॉनचा शेअर डिसेंबर १९९९ ते २००१ या काळात नव्वद टक्क्यांहून जास्त पडला. विक्री मात्र त्या दोन्ही वर्षांत वाढली आणि २००१ च्या शेवटच्या तिमाहीत कंपनीला पहिल्यांदा नफा झाला. कोडॅकचं उलट. डिजिटल कॅमेरा त्यांच्याच इंजिनिअरने १९७५ मध्ये बनवला होता, पण कमाई फिल्मवर होती आणि तीच आटत गेली. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, पुढच्या वर्षी जुने शेअर रद्दच झाले. दोन्हीकडचे भागधारक "धीर धरा"च म्हणत असणार. अर्थात, २००१ मध्ये ॲमेझॉन तरेलच असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नव्हतं. तोटा मोठा होता, कर्जही.

"घातलेले पैसे निघाले की बाहेर पडतो" हे वाक्य ऐकलं की समजावं, माणूस अडकलाय. या सवयीला शेफ्रिन आणि स्टॅटमन या अर्थविषयक अभ्यासकांनी १९८५ मध्ये 'डिस्पोझिशन इफेक्ट' असं नाव दिलं: नफ्यातला शेअर घाईने विकायचा, तोट्यातला कवटाळून बसायचं. टेरन्स ओडीन या संशोधकाने १९९८ मध्ये गुंतवणूकदारांच्या दहा हजार खात्यांचे व्यवहार तपासले, तर विकलेले नफ्यातले शेअर पुढच्या वर्षभरात धरून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरांपेक्षा सरासरीने सरस ठरलेले दिसले. शिवाय गणितही निर्दयी आहे. पन्नास टक्के पडलेला शेअर मूळ भावाला यायला शंभर टक्के वाढावा लागतो, नव्वद टक्के पडलेला नऊशे टक्के.

म्हणून एक प्रश्न: हा शेअर आज माझ्याकडे नसता, तर आजच्या भावाला घेतला असता का? पण हाच प्रश्न नात्याला तसाच लावू नका. "आज नव्याने भेटलो असतो तर?" हे विचारणं अन्यायाचं आहे, कारण एकत्र काढलेल्या आजारपणांना आणि भांडून झालेल्या समेटांना आजही किंमत असते. समोरचा माणूस ते विसरलेला नसतो. शेअरला तुम्ही कोण हेच ठाऊक नसतं, मग तुम्ही तो कितीला घेतला याची त्याला काय पडलीय?

मैत्रीण माझ्या आधी बाहेर पडली. मी आणखी आठ महिने ती जमीन मोजत बसलो आणि पडेल भावाला विकला. हल्ली शेअर घेताना वहीत एका ओळीत कारण लिहितो, आणि ती ओळ पेनने लिहितो, खोडता येऊ नये म्हणून.