खांद्याची कंडरा अर्धवट फाटणे : उपचार

स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा म्हणजे कंडरा. खांद्यात अशा चार कंडरा दंडाच्या हाडाच्या गोल माथ्याला टोपीसारख्या वेढून असतात. त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. त्यांतली सर्वांत वरची, सुप्रास्पायनेटस स्नायूची कंडरा सर्वाधिक फाटते. तिची जाडी साधारण १० ते १२ मिलिमीटर. तिचे काही धागे तुटले, पण आरपार भोक पडले नाही, तर ती अर्धवट फाटली असे म्हणतात. ही फाट बहुधा सांध्याकडच्या, म्हणजे आतल्या बाजूला असते; कधी वरच्या पृष्ठभागावर, तर कधी कंडरेच्या पोटात. अस्थिशल्यविशारद एल्मन यांच्या १९९० च्या वर्गवारीत ३ मिलिमीटरपेक्षा उथळ फाट पहिल्या श्रेणीची, ३ ते ६ मिलिमीटरची दुसऱ्या आणि त्याहून खोल, म्हणजे निम्म्याहून अधिक जाडीची, तिसऱ्या श्रेणीची.

सदऱ्याच्या बाहीत हात घालताना किंवा वरच्या फळीवरचा डबा काढताना कळ येते. हात बाजूने उचलला की ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात दुखते आणि त्यापुढे कमी होते. रात्री त्या कुशीवर झोपवत नाही.

निदान सोनोग्राफी किंवा एमआरआयने होते. मात्र अहवालातला ‘टेअर’ (फाट) हा शब्द वाचून घाबरून जाऊ नये. खांदा अजिबात न दुखणाऱ्या ९६ जणांचे एमआरआय १९९५ मध्ये अभ्यासले गेले, तेव्हा साठीपुढच्या निम्म्याहून अधिक जणांत अर्धवट किंवा पूर्ण फाट सापडली. फाट आणि दुखणे यांचा हिशेब सरळ जुळत नाही, म्हणूनच उपचाराची सुरुवात सहसा शस्त्रक्रियेने होत नाही.

पहिले काही महिने भर असतो व्यायामावर. डोक्यावरची कामे कमी करायची, पण हात गळ्यात बांधून ठेवायचा नाही. तसे केल्यास खांदा आखडतो. नेहमीचा एक व्यायाम असा : कोपर काटकोनात दुमडून अंगालगत ठेवायचे, कोपर आणि बरगड्यांमध्ये घडी घातलेला टॉवेल धरायचा आणि रबरी पट्टा सावकाश बाहेर ओढायचा. टॉवेल पडला, तर कोपर अंगापासून सुटले असे समजावे. तुटलेले धागे यामुळे सांधले जातातच असे नाही. उरलेले धागे आणि शेजारचे स्नायू भार वाटून घेतात आणि दुखणे ओसरते. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, तेवढ्या काळात व्यायाम जमवून घ्यावा. वारंवार घेतल्यास कंडराच कमकुवत होते. रुग्णाच्याच रक्तातून वेगळा काढून टोचल्या जाणाऱ्या प्लेटलेटयुक्त प्लाझ्माचा बोलबाला मोठा असला, तरी त्याचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

तीन ते सहा महिन्यांत फरक पडला नाही आणि फाट खोल असेल, तर दुर्बिणीतून शस्त्रक्रियेचा विचार होतो. उथळ फाटीचे लोंबते धागे साफ करतात. कंडरेच्या वर असलेले खांद्याचे हाड खालून घासण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती. खांदेदुखीसाठी केलेल्या या शस्त्रक्रियेची तुलना ब्रिटनमधील एका चाचणीत नुसती दुर्बीण घालून पाहण्याशी केली गेली. २०१८ मध्ये आलेल्या तिच्या निकालात रुग्णाला जाणवेल असा फरक दिसला नाही. खोल फाट शिवण्याच्या दोन रीती आहेत : शाबूत धागे राखून टाका घालणे, किंवा फाट आधी पूर्ण करून मग कंडरा हाडाला नव्याने बांधणे. दोन्हींचे दूरचे परिणाम जवळपास सारखेच.

शिवल्यावर हात चार ते सहा आठवडे झोळीत राहतो. बोटे, मनगट आणि कोपर मात्र लगेच हलवू देतात. ताकदीचे व्यायाम साधारण तिसऱ्या महिन्यापासून, आणि चेंडू फेकण्यासारखे खेळ सहसा सहा महिन्यांनंतर.