छत्री उघडली, आता उतरायचं कसं? स्कायडायव्हिंगच्या साधनांची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या यूएसपीए या स्कायडायव्हरांच्या संघटनेचा पहिला, म्हणजे ‘ए’ परवाना किमान २५ उड्यांनंतर मिळतो. तोवर शिकाऊ माणूस ड्रॉप झोनने, म्हणजे उड्या मारायच्या केंद्राने, दिलेली मोठी, संथ छत्री (पॅराशूट) वापरतो. परवाना हातात पडला की स्वतःचं सामान घ्यायचे वेध लागतात आणि पहिला प्रश्न येतो तो छत्रीच्या आकाराचा: किती चौरस फुटांची घेऊ? पन्नास-साठ वर्षांपूर्वी नवख्यांना या प्रश्नाने छळलं नव्हतं. तेव्हाची धास्ती एकच होती, छत्री उघडेल ना? ही धास्ती ओसरून आकाराचा प्रश्न पुढे कसा आला, हे ठाऊक असलेला माणूस दुकानात वेगळ्या नजरेने उभा राहतो.

२८ एप्रिल १९१९ रोजी ओहायो राज्यात डेटनच्या मॅककुक फील्डवर लेस्ली अर्व्हिनने विमानातून उडी मारली आणि खाली पडता पडता स्वतःच्या हाताने दोरी ओढून छत्री उघडली. असा मोकळा पडणारा माणूस शुद्धीवर राहील, त्याचे हात चालतील, यावर तेव्हा पुष्कळांचा विश्वास नव्हता. अर्व्हिनचे हात चालले, छत्रीही व्यवस्थित उघडली. उतरताना मात्र त्याचा घोटा मोडला.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या छत्र्या स्वस्तात मिळू लागल्या आणि हौशी उड्यांचा खेळ त्यांच्यावरच वाढला. पाठीवर २८ फूट व्यासाची गोल छत्री, पोटावर राखीव. या छत्र्या वैमानिकाचा जीव वाचवायला केलेल्या. कुठे उतरायचं हे ठरवायची सोय त्यांत नव्हतीच. हौशी मंडळींनी मग मागच्या बाजूचं कापड कापून झरोके केले. तिथून सुटणारी हवा छत्रीला पुढे रेटायची आणि दोऱ्या ओढून थोडंफार वळताही यायचं. फ्रान्सच्या पिएर लेमोआन्यच्या रचनेवरून पुढे १९६४ मध्ये पॅरा-कमांडर ही छत्री आली. ती बरीच शहाणी होती, पण गोलच. जमिनीवर आल्यावर पाय जुळवून कुशीवर लोळायचं आणि धक्का अंगभर वाटून घ्यायचा, हे शिक्षण सुटलं नाही.

खरा पालट डोमिना जाल्बर्टने केला. पतंग आणि फुग्यांच्या कामात मुरलेल्या या माणसाला १९६६ मध्ये आयताकृती छत्रीचं पेटंट मिळालं. कापडाचे दोन थर, मध्ये उभ्या पडद्यांनी केलेले कप्पे, पुढची तोंडं उघडी आणि मागची शिवलेली. हवा आत शिरते, कोंडते आणि कापडाला विमानाच्या पंखाचा आकार येतो. आता माणूस नुसता खाली येत नव्हता, पुढे उडत होता. जमीन जवळ आली की दोन्ही हातांतल्या दोऱ्या एकदम खाली ओढायच्या. मग छत्री क्षणभर सपाट तरंगते आणि पाय अलगद टेकतात. याला फ्लेअर म्हणतात.

अडचण अशी होती की ही छत्री धाडकन उघडायची, इतकी की अंग खिळखिळं व्हावं. त्यावरचा उपाय म्हणजे स्लायडर: कापडाचा एक चौकोन, चार कोपऱ्यांत चार कड्या, कड्यांतून ओवलेल्या दोऱ्या. घडी घालताना तो वर, छत्रीला टेकवून ठेवतात. छत्री फुगू लागली की खालून येणारा वारा त्याला वरच दाबून धरतो. दोऱ्या एकदम फाकत नाहीत, छत्री सावकाश भरते आणि तिचा ताण वाढेल तसा स्लायडर घरंगळत खाली येतो. यात ना स्प्रिंग, ना घड्याळ. ही युक्ती नसती तर चौकोनी छत्री थोड्या धाडसी लोकांपुरतीच राहिली असती.

१९७० च्या दशकाच्या मध्यावर फ्लोरिडातल्या बिल बूथने आणखी मोठं काम केलं. मुख्य छत्री बिघडली तर राखीव उघडण्याआधी ती अंगावेगळी करावी लागते. जुन्या पद्धतीत दोन्ही खांद्यांवर धातूच्या कळा असत. प्रत्येकीचं झाकण उघडायचं, आतली कडी ओढायची, आणि हे गरगर फिरत असताना. एक बाजू सुटली आणि दुसरी अडकली तर पुढचं बोलायलाच नको. बूथने तीन कड्या एकीत एक ओवल्या. हार्नेसवरची, म्हणजे अंगावर बांधलेल्या पट्ट्यांवरची, मोठी, तिच्यातून मागे दुमडलेली मधली, तिच्यातून दुमडलेली लहान. लहान कडीवरून दोरीचा एक फास पट्ट्याच्या भोकातून मागे जातो आणि त्यातून एक गुळगुळीत केबल सरकवलेली असते. प्रत्येक कडी आपल्यावरच्या भाराचा थोडाच अंश पुढच्या कडीकडे जाऊ देते. त्यामुळे छत्रीचा सगळा भार टांगलेला असतानाही फासावर फार थोडा ताण पोचतो, आणि उजव्या छातीवरचं एकच हँडल ओढलं की दोन्ही खांदे सुटतात. सामान विकत घेताना ही रचना स्वतःच्या हातांनी एकदा पूर्ण सुटी करून पुन्हा जोडून पाहावी. पट्टे ताठरले असतील किंवा केबलवर कीट चढलं असेल तर ते तिथेच कळतं. ही सफाई दर महिन्याला करायची असते आणि ती आळसाने राहून जाते.

उरला तो माणूस, ज्याने काहीच ओढलं नाही. बेशुद्ध पडलेला, उंचीचं भान हरपलेला, किंवा बिघडलेल्या छत्रीशी झगडत बसलेला. त्याच्यासाठी आपोआप उघडणारी यंत्रं आधीपासून होती, पण अनुभवी लोक ती वापरायला नाखूश असत, कारण ती नको तेव्हाही चालत. १९९१ मध्ये जर्मनीच्या हेल्मुट क्लोथने सायप्रेस बाजारात आणलं. हवेच्या दाबावरून ते उंची आणि वेग मोजत राहतं. अनुभवी उडीकरांसाठीचं सायप्रेस साधारण ७५० फुटांवर पोचेपर्यंत माणूस अजून सेकंदाला ३५ मीटरच्या वेगाने पडत असेल, तर राखीव छत्रीची पिशवी मिटवणारी दोरी कापून टाकतं. कुठलंही हँडल ओढलं जात नाही, फक्त दोरी तुटते. नंतरची अशी बहुतेक यंत्रं याच वाटेने गेली.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत या खेळात वर्षाला सरासरी ४० हून अधिक माणसं दगावत. २०२३ मध्ये हा आकडा १० होता, आणि उड्या तर कितीतरी वाढलेल्या. हे श्रेय अशाच साधनांचं आणि बदललेल्या शिक्षणाचं आहे.

पण ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कापड बदललं होतं. आधीचं कापड थोडी हवा झिरपू द्यायचं आणि वापराने आणखी विरळ व्हायचं. उतरताना हिसका बसू नये म्हणून छत्री मोठी ठेवणं भाग होतं. सिलिकॉनचा लेप दिलेल्या नव्या कापडातून हवा जातच नाही. छत्र्या लहान झाल्या, पिशव्या आटोपशीर झाल्या, वेग वाढला. जमिनीलगत जोरात वळून वेग घेण्याची चटक लागली. नव्वदच्या दशकात अपघातांच्या नोंदींत एक प्रकार ठळक होत गेला: पूर्ण उघडलेल्या, कसलाही दोष नसलेल्या छत्रीखाली झालेला मृत्यू. साधनं जितकी सुरक्षित होतील तितकी माणसं जास्त जोखीम घेतील, असं बूथ सांगत आला आहे. या नोंदी वाचल्यावर त्याच्याशी वाद घालायला मला जागा दिसत नाही.

म्हणून आकाराचा प्रश्न. त्याचं माप विंग लोडिंग: सामानासकट वजन पौंडांत घ्यायचं आणि छत्रीच्या चौरस फुटांनी भागायचं. ७५ किलोचा माणूस आणि १२ किलो सामान मिळून ८७ किलो, म्हणजे १९२ पौंड. १९० फुटी छत्रीवर हे प्रमाण १.० येतं, १५० वर १.२८ आणि १२० वर १.६. छत्री हाताळायला शिकवणारे ब्रायन जर्मेन यांचा ठोकताळा शंभर उड्यांपर्यंत १.० आणि पुढे दर शंभर उड्यांना ०.१ असा आहे. मला तो कमाल मर्यादा म्हणून मान्य आहे. तिथवर पोचलंच पाहिजे असं त्यात काही नाही.

आपल्याकडच्या हलक्या अंगाच्या मुलामुलींनी इथे जास्त जपायला हवं. ४८ किलोची मुलगी सामानासकट ६० किलो, म्हणजे १३२ पौंड. १३२ फुटी छत्रीवर तिचं प्रमाणही १.० च येतं आणि विकणारा म्हणतो, ‘अगदी बेताची आहे.’ ती बेताची नसते. लहान छत्रीच्या दोऱ्या आखूड असतात, त्यामुळे तेवढ्याच भाराला ती झटकन वळते आणि वळताना जास्त उंची गमावते. तिने १५० किंवा १७० फुटी घ्यावी आणि वाऱ्याच्या दिवशी जमिनीवरच थांबावं.

कपड्यांचंही तसंच आहे. पुण्याच्या शीतल महाजन यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडच्या पटायात नऊवारी नेसून उडी मारली. त्या तेव्हा मुरलेल्या स्कायडायव्हर होत्या. नवख्याने त्यातून उचलायची गोष्ट एवढीच की मुख्य, सुटकेचं आणि राखीव या तीन हँडलांवर कापड येता कामा नये, मग ते लुगडं असो की सैल टीशर्ट.

जुनं सामान घेताना लोक कापड निरखतात आणि दोऱ्या विसरतात. स्पेक्ट्रा या कृत्रिम धाग्याच्या दोऱ्या स्लायडरच्या घर्षणाच्या उष्णतेने आखडतात, आणि बाहेरच्या दोऱ्यांना हे घर्षण जास्त सोसावं लागतं. काही शे उड्यांनंतर छत्रीचा तोल बिघडतो: उघडताना ती एका बाजूला ओढते, फ्लेअर नीट लागत नाही. बिचारा नवखा स्वतःच्या हातांना दोष देत बसतो. पैसे मोजण्याआधी रिगरकडून, म्हणजे छत्र्या तपासणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून, दोऱ्यांची लांबी मापून घ्यावी.

आणि राखीव छत्री. तिचा आकार सगळ्यात शेवटी, जी पिशवी मिळाली तिच्यात मावेल असा ठरतो. खरं तर सुरुवात तिथून करायला हवी. सायप्रेसने दोरी कापली ती माणूस बेशुद्ध असल्यामुळे, असं समजा. मग राखीव उघडेल, पण फ्लेअर करायला कुणी नसेल. छत्री जशी जाईल तसा तो जमिनीला लागेल. तेव्हा १६० फुटी आणि ११३ फुटी राखीव यांत जो फरक पडेल तो हाडांना कळेल. पिशवी मापानेच शिवलेली असते, नंतर मोठी करता येत नाही. म्हणून आधी राखीव, मग मुख्य आणि त्या दोघींना सामावणारी पिशवी शेवटी, हा क्रम धरावा. मनासारखा जोड मिळेपर्यंत ड्रॉप झोनचं भाड्याचं सामान चालेल.