एका सेकंदात 40 जीबी: फाइल खरंच कॉपी झाली का?

कॉलेज रोडवर माझ्या मित्राचा स्टुडिओ आहे, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. परवा नव्या मॅकवर त्याने 40 जीबीचं फुटेज डुप्लिकेट केलं आणि ते सेकंदभरात झालं. "अरे, नुसतं नाव दिसतंय, आत काही नसणार," म्हणत त्याने ते उडवलं. गंमत म्हणजे डिस्कवरची मोकळी जागा तसूभरही वाढली नाही! त्याची शंका अर्धी खरी होती.

कुठलाही प्रोग्रॅम डिस्कला थेट हात लावत नाही. त्याला कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे मागणी करावी लागते, तिला सिस्टिम कॉल म्हणतात. कॉपीची जुनी रीत अशी: 'रीड' म्हणायचं, की कर्नल 128 केबी डेटा आधी आपल्या मेमरीत आणणार, तिथून प्रोग्रॅमच्या मेमरीत उतरवणार. मग 'राइट' म्हणून तोच डेटा जसाच्या तसा कर्नलला परत. 40 जीबीसाठी अशा 3,27,680 फेऱ्या, आणि एकाही फेरीत प्रोग्रॅम त्या डेटाचं काहीच करत नाही.

2016 साली लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या 4.5 आवृत्तीत 'कॉपी फाइल रेंज' हा कॉल आला. मला तो फार आवडतो, कारण त्यात प्रोग्रॅम डेटा मागतच नाही. "या फाइलमधल्या इथपासूनच्या एवढ्या बाइट त्या फाइलमध्ये तिथे टाक," एवढंच सांगतो. कसं करायचं ते कर्नलने बघावं. दोन्ही फाइल एकाच सर्व्हरवर असतील आणि त्याला हे काम येत असेल, तर डेटा नेटवर्कवर येतही नाही, सर्व्हर तिथल्या तिथे काम उरकतो. मात्र उत्तरात 'एवढ्या बाइट झाल्या' असा आकडा येतो, तो मागितल्यापेक्षा कमी असू शकतो. म्हणून उरलेल्यासाठी पुन्हा विचारावं लागतं.

डिस्कवर फाइली कशा मांडायच्या हे फाइल सिस्टिम ठरवते. लिनक्सवरच्या बीटीआरएफएस आणि एक्सएफएससारख्या फाइल सिस्टिमवर तर आणखी पुढची सोय आहे. फाइल म्हणजे एक अनुक्रमणिका आणि डिस्कवर विखुरलेली पानं. कॉपी करताना फक्त दुसरी अनुक्रमणिका लिहायची, ती त्याच पानांकडे बोट दाखवते. प्रत्येक पानापाशी नोंद असते, आपल्याकडे किती जण बोट दाखवतात याची. कॉपीतलं एक पान बदललं, तर तेवढंच नव्या जागी लिहिलं जातं आणि फक्त त्या अनुक्रमणिकेचं बोट तिकडे वळतं. पान मोकळं कधी होतं? नोंद शून्यावर आल्यावर. मित्राने डुप्लिकेट उडवलं तेव्हा पानांवर मूळ फाइलचं बोट होतंच, मग जागा कुठून सुटणार? मॅकवर हेच काम 2017 पासून एपीएफएस ही फाइल सिस्टिम करते, तिथे कॉलचं नाव 'क्लोनफाइल'. लिनक्सची 'सीपी' ही फाइल कॉपी करायची आज्ञा 2021 च्या 9.0 आवृत्तीपासून शक्य असेल तिथे आपणहून हीच वाट धरते.

पेनड्राइव्हवर टाकताना यातलं काही चालत नाही, कारण पानं दुसऱ्या वस्तूवर न्यायचीच असतात. 'कॉपी दहापट वेगाने' अशा जाहिराती करणाऱ्या सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका. पेनड्राइव्हचा लिहिण्याचा वेग कुठलंही सॉफ्टवेअर ओलांडू शकत नाही.

आणि सेकंदात झालेल्या डुप्लिकेटला बॅकअप समजू नका. डिस्कचा तो भाग खराब झाला, तर दोन्ही फाइल एकदमच जातील. लोकांच्या लग्नाचं फुटेज आहे, ते पुन्हा शूट करता येत नाही. मित्राला एवढं समजावल्यावर त्याने त्याच संध्याकाळी ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलं. सात मिनिटं लागली.