शाळेतली खिचडी (शालेय पोषण आहार, खानदेश)

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांमधे पहिली ते आठवीच्या पोरांना मधल्या सुट्टीत मिळणारं शिजवलेलं फुकट जेवण. कागदावर नाव शालेय पोषण आहार, केंद्राच्या लेखी २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण, आणि गावात मात्र एकच, खिचडी. मग त्या दिवशी पातेल्यात मटकीची उसळ-भात असला तरी पोरं घरी सांगतात आज खिचडी चांगली होती. जेवायला लागतं काय तर पटावर नाव आणि त्या दिवशी हजेरी, बस. बापाचं उत्पन्न, रेशनकार्डाचा रंग, जात, काही विचारत नाहीत. रावेर-यावलकडे केळीवाल्याचं पोरगं आणि त्याच्याच बागेत घड वाहणाऱ्या मजुराचं पोरगं एका पंगतीत बसतं ते यामुळेच (अर्थात केळीवाल्याचं पोरगं अजून जिल्हा परिषदेच्या शाळेत असलं तर).

पैसे देऊ शकतो की नाही हे न विचारता जेवायला घालायचं, ही कल्पना पहिली कुणाची, यावर एकमत नाही. शिक्षण मंत्रालयाच्या लिखाणात सुरुवात १९२५ ची, मद्रास महापालिकेची आणि 'वंचित' मुलांसाठी अशी येते, काही ठिकाणी १९२३ सापडतं. पण जस्टिस पक्षाचे पी. त्यागराय चेट्टी मद्रास महापालिकेचे अध्यक्ष असताना थाउजंड लाइट्स भागातल्या शाळेत मुलांना जेवण द्यायचा ठराव झाला तो सप्टेंबर १९२० चा, खर्चाची मर्यादा मुलामागे दिवसाला एक आणा, आणि ठराव हातात असताना नंतरची सालं धरायचं कारण दिसत नाही. पाँडिचेरीत फ्रेंचांनी १९३० मधे सुरू केलं असंही सांगतात. मुंबईचं नाव १९४२ च्या मोफत आहाराच्या संदर्भात येतं, आणि तेव्हा पूर्व आणि पश्चिम खानदेश दोन्ही जिल्हे मुंबई प्रांतात होते, पण एवढ्यावरून इथल्या शाळांत त्या काळी जेवण मिळायचं असं धरू नये. मुख्यमंत्री कामराजांनी १९५६ मधे तामिळनाडूत (तेव्हाचं मद्रास राज्य) योजना राज्यभर नेली ती गरीब मुलांसाठी, आणि तिचा बराच भार लोकांच्या देणग्यांवर होता, शिक्षण संचालक सुंदरवडिवेलु गावोगाव फिरून लोकांना त्यात ओढत होते. तिथलेच नंतरचे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांची १ जुलै १९८२ ची योजना मात्र सरकारी तिजोरीतून चालणारी आणि कितीतरी मोठी. आज आपण ज्याला शाळेतलं जेवण म्हणतो त्याचा खरा पूर्वज हीच, १९२० चा ठराव फारतर पणजोबा. बाहेरच्या देशांत फिनलंड १९४८ पासून सरसकट सगळ्यांना फुकट देतं, उलट अमेरिकेत कायदा १९४६ चा आहे पण बऱ्याच शाळांत आजही घरचं उत्पन्न फॉर्मवर लिहून द्यावं लागतं आणि मग फुकट, सवलतीत की पूर्ण पैशात ते ठरतं.

आपल्याकडे देशपातळीवर योजना आली १५ ऑगस्ट १९९५ ला, पण ती जेवणाची नव्हती, धान्याची होती. ८० टक्के हजेरी असलेल्या प्राथमिकच्या मुलाला महिन्याला ३ किलो तांदूळ. आता पस्तिशी-चाळिशीत असलेल्या खानदेशी माणसाला ते तांदूळवाटप आठवत असेल, घरून पिशवी न्यायची, गुरुजी मोजून द्यायचे, आणि तो तांदूळ घरी गेला की सगळ्या घराचा व्हायचा. शाळेतल्या पोराच्या पोटात त्यातला किती जायचा ते त्याच्या आईलाच माहीत. हे बदललं पीयूसीएल या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेच्या याचिकेमुळे. २८ नोव्हेंबर २००१ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की धान्य नको, शिजवलेलं जेवण द्या, किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षात किमान २०० दिवस. महाराष्ट्रात त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत शाळाशाळांत चुली पेटल्या. (प्राथमिकला आता ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम, सहावी ते आठवीला ७०० आणि २०.)

या विषयात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मात्र पुढच्या आदेशातलं आहे, २० एप्रिल २००४ चा, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. धान्य शिजवायला जो खर्च येतो तो कुठल्याही परिस्थितीत मुलांकडून किंवा पालकांकडून वसूल करायचा नाही. तांदूळ फुकट पण सरपणाला दोन रुपये आणा, ही पळवाट तिथे बंद झाली. त्याच आदेशात स्वयंपाकाला दलित, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना प्राधान्य द्या आणि दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही जेवण द्या असंही आहे. मग २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५ मधे 'मोफत' हा शब्द थेट आला, म्हणजे योजना होती तिचा हक्क झाला, आणि २०१५ च्या नियमांनी सांगितलं की जेवण मिळालं नाही तर मुलाला धान्य आणि शिजवण्याच्या खर्चाइतका भत्ता द्यायचा, सलग ३ दिवस किंवा महिन्यात ५ दिवस खंड पडला तर जबाबदारी कुणाची ते राज्याने ठरवायचं. हा भत्ता मागायला आलेला पालक प्रस्तुत लेखकाने तरी अजून पाहिलेला नाही.

हिशोब असा. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, वरच्या वर्गांना १५०. शिजवण्याचा खर्च मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे आणि वरच्यांना १० रुपये १७ पैसे, केंद्र ६० राज्य ४०. वस्तीवरची ४० पोरांची शाळा धरली तर दिवसाला ४ किलो तांदूळ आणि २७१ रुपये २० पैसे, त्यात डाळ, तेल, तिखट-हळद, भाजी, सरपण किंवा गॅस सगळं आलं. मेथीची जुडी महाग झाली की खिचडीतलं हिरवं दिसेनासं होतं, याला अर्थशास्त्र लागत नाही.

खानदेशापुरती गंमत अशी की हा मुलूख भाताचा नाहीच. नवापूरकडचा पट्टा सोडला तर घरी ज्वारी-बाजरीची भाकर, कळण्याची भाकर, आणि खिचडी असते पण ती वेगळी, तूरडाळीची, तिखट, वरून लसणाचं कडकडीत तेल आणि सोबत पापड. शाळेतली पिवळी, मऊ, कमी तेलाची. त्यामुळे पहिलीतलं पोरगं सुरुवातीला नाक मुरडतं, आणि दिवाळीपर्यंत साडेबारालाच खिडकीतून डोकवायला लागतं, 'शिजनी का व मावशी?' मावशी म्हणजे स्वयंपाकी बाई, बऱ्याचदा बचत गटातली, नाहीतर गावातलीच विधवा किंवा एकटी बाई. तिला महिन्याला मानधन २५०० रुपये, तेही वर्षाचे १० महिने. ती सकाळी तांदूळ निवडते, पाणी आणते, शिजवते, वाढते, भांडी घासते, आणि पोरांना वाढायच्या आधी एका शिक्षकाने चाखून चव रजिस्टरवर सही करायची असते (२०१३ मधे बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामनच्या शाळेत विषबाधेने २३ मुलं गेली, त्यानंतर हे जास्त कडक झालं). सातपुड्यात अक्राणी, अक्कलकुवा तालुक्यांतल्या पाड्यांवर तांदळाचं पोतं गाडी जाईल तिथवर गाडीने, पुढे डोक्यावर. तिथल्या घरांत पावरी, भिली बोलतात, शाळा मराठी, खिचडी हा शब्द तेवढा दोन्हीकडे सारखा.

नोव्हेंबर २०२३ मधे राज्याने आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्याला केळं सुरू केलं. जळगाव जिल्ह्यात केळ्याची काही चिंता नव्हती. जानेवारी २०२५ मधे मात्र अंड्याचे वेगळे पैसे थांबले, अंडी आणि खिरीची साखर 'लोकसहभागातून' करा म्हणून सांगितलं, म्हणजे फिरून कामराजांच्या देणग्यांवर. देणगी वाईट असं नाही, वाढदिवसाला कुणी शाळेला शिरा-पुरी घालतं, त्याला इकडे स्नेहभोजन म्हणतात, ते सगळ्या पोरांना सारखं वाढलं जातं. पण एका शाळेत (नाव नको) व्हरांड्यातल्या फळ्यावर खडूने अंड्यांची वर्गणी दिलेल्या पालकांची नावं लिहिलेली पाहिली, खाली रकमा, १००, ५०, ५१. नावं सोळा, वर्गात पोरं एकतीस. अंडं सगळ्यांनाच मिळालं, तसं सर आवर्जून म्हणाले. तिसरीतली एक मुलगी फळ्यासमोर उभी राहून बोटाने वरपासून खालपर्यंत नावं वाचत होती.

योजना जिथे संपते त्या जागा थोडक्यात. नववीत गेलं की जेवण बंद, मग शाळा तीच असो, आवार तेच असो, आठवीपर्यंतची पोरं पंगतीत आणि नववीची शेजारच्या झाडाखाली डब्यासह किंवा डब्याविना. विनाअनुदानित शाळा (त्यात बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या आल्या) बाहेर. आश्रमशाळांचं जेवण आदिवासी विकास विभागाकडे, तो वेगळा विषय. आणि जेवण शिजतं हजेरीवर, पटावर नाही. दिवाळीनंतर नंदुरबार-धुळ्याची कुटुंबं ऊसतोडीला निघतात, नावं पटावर राहतात, पातेलं निम्म्यावर येतं. कायद्याने पोरगं जिथे जाईल तिथल्या सरकारी शाळेत बसू शकतं, जेवूही शकतं, आणि सुरत-बारडोलीकडे गेलेल्यांसाठी तिथेही मध्याह्न भोजन आहेच, फक्त शाळा गुजराती आहे.