हृदयातील मिक्झोमा आणि इंटरल्यूकिन-६

मिक्झोमा ही प्रौढांच्या हृदयातच उगम पावणाऱ्या गाठींपैकी सर्वांत जास्त आढळणारी, कर्करोग नसलेली गाठ. ती जेलीसारखी बुळबुळीत आणि बहुधा देठाने लोंबणारी असते. चारांतल्या साधारण तीन गाठी डाव्या अलिंदात (हृदयाच्या वरच्या कप्प्यात), दोन अलिंदांमधल्या पडद्यावर वाढतात. स्त्रियांत प्रमाण अधिक.

गाठ डाव्या अलिंदाखालच्या मिट्रल झडपेच्या तोंडाशी येऊन रक्ताची वाट अडवते, किंवा तिचा तुकडा सुटून मेंदूच्या धमनीत अडकतो आणि पक्षाघात होतो. हे दोन धोके सहज समजतात. तिसरा प्रकार चकवणारा आहे: महिनोन्‌महिने बारीक ताप, घटणारे वजन, सांधेदुखी, रक्तक्षय, वाढलेले ईएसआर व सीआरपी (शरीरात दाह असल्याचे दाखवणारी रक्तातली मापे). हृदयाच्या एका कप्प्यातली गाठ सगळे अंग आजारी पाडते ती रक्तात सोडलेल्या दाहसंदेशक रेणूंमुळे. त्यांत प्रमुख इंटरल्यूकिन-६.

या रेणूचा शोध हृदयरोगाच्या अभ्यासातून लागलेला नाही. जपानमधील ओसाका येथे तोशिओ हिरानो, तादामित्सु किशिमोतो व सहकारी रक्तातील बी पेशींना (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) प्रतिपिंडे बनवायला लावणारा घटक शोधत होते. त्याचे जनुक त्यांनी १९८६ मध्ये वेगळे केले आणि १९८७ मध्ये मिक्झोमाच्या पेशी हाच घटक तयार करतात असे दाखवले. लक्षणांचा उलगडा तिथून होत गेला. इंटरल्यूकिन-६ यकृताला सीआरपी व फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारे प्रथिन) बनवायला लावते. फायब्रिनोजेन वाढले की ईएसआर चढतो. मेंदूतील तापमान-नियंत्रणावर परिणाम होऊन ताप येतो. बी पेशी चेतवल्या गेल्याने गॅमा ग्लोब्युलिन (प्रतिपिंडांची प्रथिने) वाढते, क्वचित स्वतःच्याच ऊतींविरुद्ध प्रतिपिंडे दिसतात आणि ल्युपस या स्वप्रतिकारक आजाराची शंका येते. यकृतातून हेप्सिडिन हे लोहाचे नियमन करणारे संप्रेरकही जास्त स्रवते. ते आतड्यातून लोह रक्तात येऊ देत नाही आणि साठ्यातले लोह अडवून ठेवते. म्हणून असा रक्तक्षय लोहाच्या गोळ्यांनी फारसा हटत नाही.

ठाणे-नवी मुंबईत हा चकवा विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. बारीक ताप आणि वजन घटले की इथे आधी क्षयरोगाची तपासणी होते, पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टोची. हा क्रम योग्यच, कारण हे आजार कितीतरी पटींनी जास्त आहेत. पण सगळे अहवाल निर्दोष येऊनही ताप हटत नसेल, ठाणे स्टेशनचा पूल चढताना धाप लागत असेल आणि बाईंना ‘रक्त कमी आहे’ एवढेच सांगितले जात असेल, तर हृदयाची टू-डी इको (ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याची) तपासणी व्हायला हवी. कूस बदलल्यावर किंवा उठून बसल्यावर धाप कमीजास्त होणे ही मोलाची खूण, कारण देठावरची गाठ शरीराच्या स्थितीनुसार हलते. स्टेथोस्कोपने ऐकू येणारा आवाज संधिवाती तापाने आकसलेल्या मिट्रल झडपेसारखा असतो. त्यात सांधेदुखी असली की गफलत अधिकच सोपी होते.

उपचार शस्त्रक्रियेचाच. स्टॉकहोममध्ये क्लॅरन्स क्राफोर्ड यांनी १९५४ मध्ये हृदय-फुफ्फुस यंत्राच्या साहाय्याने मिक्झोमा प्रथम यशस्वीपणे काढला. गाठ देठाच्या बुडाच्या ऊतीसह काढतात. त्यानंतर इंटरल्यूकिन-६ ची पातळी उतरते आणि ताप, सांधेदुखीही ओसरते. आजाराचा उगम गाठीतच होता याचा हा सर्वांत थेट पुरावा. गाठ क्वचितच पुन्हा होते. कार्नी संलक्षण या आनुवंशिक विकारात मात्र ती शक्यता बरीच जास्त असल्याने इको अनेक वर्षे करत राहावी लागते आणि कुटुंबीयांचीही तपासणी करतात.